सुट्टी माझी, खाडा त्याचा

गेल्या १४ एप्रिलला मी गावी, लोणी भापकरला होतो. बँक बंद, शाळा बंद, संध्याकाळी आंबेडकर जयंतीची मिरवणूक. आणि मी ओसरीवर लॅपटॉप उघडून क्लायंटच्या कॉलवर! आमच्या कंपनीत ही सुट्टी 'ऐच्छिक' असते आणि मी ती घेतली नव्हती. धाकट्या चुलतभावाने विचारलं, "दादा, आज सरकारी सुट्टी ना? मग तुला कशी नाही?"

शोधलं तर मजाच आहे. सार्वजनिक सुट्टी जाहीर होते ती १८८१ च्या एका कायद्याच्या कलम २५ खाली, आणि तो कायदा आहे चेक-हुंड्यांचा! हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी द्यायचे, एवढंच ते कलम सांगतं. त्यामुळे बँका बंद राहतात, खाजगी कंपनीवर बंधन येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ८ पगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या ४ ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बाकीच्या ४ मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. म्हणजे १४ एप्रिल तिथेही हक्काची नाही.

"महापुरुषांच्या नावाने सुट्ट्या कशाला? त्या दिवशी जास्त काम करा," हे आपण नेहमी ऐकतो. उत्तर प्रदेश सरकारने २०१७ मध्ये अशा १५ सुट्ट्या रद्दही केल्या. खरं सांगायचं तर मीही हेच म्हणायचो.

पण बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या काळात, १९४५ मध्ये कारखाना कायदा बदलला आणि वर्षभर काम केलेल्या कामगाराला १० दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. म्हणजे ज्यांच्या नावाची सुट्टी आपल्याला जास्त वाटते, त्यांनीच कामगाराची पगारी रजा कायद्यात आणली!

असो. चुलतभाऊ बारामतीच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला आहे. रोजावर. मिरवणुकीसाठी आला तो खाडा करून, त्या दिवसाचे पैसे सोडून. आणि माझ्या खात्यात पगारी रजा पडून होत्या, तरी मी कॉलवर.

पुढच्या वर्षी ऐच्छिक सुट्टीत १४ एप्रिल आधी टाकणार. त्याच्या खाड्याचं काय, ते मात्र मला अजून त्याला सांगता आलेलं नाही.