प्रेस

प्रेस : वृत्तव्यवसायात यंत्र, छापखाना, वृत्तपत्रसृष्टी, पत्रकारांचा समूह, पत्रकार परिषद आणि ओळखीचा बिल्ला या सगळ्यांसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. 'मुद्रणालय' पाटीवर राहिले. बोलण्यात प्रेसच रुळला.

मूळ अर्थ दाबणे. पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गने माइन्त्स येथे खिळ्यांवर कागद दाबून छपाई केली. यंत्राचे नाव पुढे छापखान्याला आणि तिथून निघणाऱ्या पत्रांना लागले. भारतात असे पहिले यंत्र १५५६ मध्ये गोव्याच्या सेंट पॉल महाविद्यालयात बसले. पहिले वृत्तपत्र, हिकीचे 'बेंगॉल गॅझेट', मात्र कलकत्त्यात १७८० मध्ये निघाले. मधली सव्वादोनशे वर्षे इथे प्रेस होता, पण आज ज्याला प्रेस म्हणतात ते नव्हते.

कायद्याने आधी यंत्राला धरले आणि मग लिहिणाऱ्याला. १८६७ च्या प्रेस व पुस्तक नोंदणी कायद्याने छापखाना चालवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करायला लावले आणि प्रत्येक अंकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण सक्तीचे केले. शेवटच्या पानाच्या तळाशी 'मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक प्रेसमध्ये छापून प्रसिद्ध केले' अशी मुंगीच्या पावलांची ओळ दिसते, ती याच कायद्याची देणगी. संपादकाच्या नावाशेजारी 'पीआरबी ॲक्टनुसार जबाबदार' असे असते, त्यातला 'पी' म्हणजे प्रेस. ही ओळ वाचकांपैकी कोणी वाचत नाही. वकील मात्र तिथूनच वाचायला सुरुवात करतात. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांबरोबर आर्यभूषण प्रेसचे केशव महादेव बाळ हेही मुद्रक म्हणून आरोपी होते. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, बाळ निर्दोष सुटले. १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टमध्ये आणि १९१० च्या प्रेस ॲक्टमध्येही जामीन मागायचा तो छापखानेवाल्याकडे किंवा प्रकाशकाकडे, हेच तंत्र होते. खिळे जप्त झाले की लेखणी आपोआप थांबते, हे सरकारला पक्के ठाऊक होते.

'फ्रीडम ऑफ द प्रेस'मधला प्रेस निराळा. तिथे तो हक्काचा धनी आहे. अमेरिकेच्या संविधानात १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीने हा शब्द आला. भारतीय संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात तो नाही. संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी भूमिका मांडली, की संपादकही नागरिकच, त्यामुळे प्रेसचा वेगळा उल्लेख नको. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये रद्द केली, ती याच अनुच्छेदातल्या भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे. संस्थांच्या नावांत मात्र शब्दाची चलती आहे : प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया, प्रेस इन्फर्मेशन ब्युरो, प्रेस कौन्सिल. कौन्सिल १९६६ मध्ये सुरू झाली, आणीबाणीत मोडली गेली आणि १९७९ मध्ये पुन्हा उभी राहिली. तिचे काम सुरू झाले तो १६ नोव्हेंबर हा राष्ट्रीय प्रेस दिन. महाराष्ट्रात 'दर्पण' या मराठी वृत्तपत्रामुळे ६ जानेवारीचा पत्रकार दिन अधिक जवळचा वाटतो.

वृत्तपत्राच्या कचेरीत शब्द मोकळा वावरतो. 'पान प्रेसला गेलं' म्हणजे आता दुरुस्ती नाही. छपाई सुरू झाल्यावर घुसवलेली बातमी ती 'स्टॉप प्रेस'. 'साहेबांनी प्रेस घेतली' म्हणजे पत्रकार परिषद. वार्ताहर तिला 'पीसी' म्हणतात. 'प्रेस आली का?' असे आयोजक विचारतो तेव्हा त्याला माणसे हवी असतात, आणि 'प्रेस नोट देऊन ठेवा' म्हणतो तेव्हा ती आली नाहीत तरी चालणार असते. लिंगही अर्थाप्रमाणे बदलते. छापखाना असेल तर बहुधा 'तो प्रेस', पत्रकार परिषद असेल तर 'ती प्रेस'. ज्या मराठी शब्दाची जागा घेतली, त्याचेच लिंग त्याने उचललेले दिसते.

बिल्ला म्हणून असलेला प्रेस सर्वांत स्वस्त झाला आहे. सरकारी अधिस्वीकृतीपत्रिका मिळवायला अर्ज, अनुभव, समितीची छाननी असे सोपस्कार असतात. दुचाकीवर तांबड्या अक्षरांत प्रेस रंगवायला काहीच लागत नाही. नंबरप्लेटवर असले काही लिहिणे मोटार वाहन नियमांत बसत नाही, पण हटकण्याआधी हवालदार जरा थबकतो, तेवढ्यासाठीच ते लिहिलेले असते. दूरचित्रवाणीच्या मंडळींना हा शब्द अपुरा पडला आणि 'मीडिया' आला. तरी कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूसही गळ्यात प्रेसचेच कार्ड अडकवतो.

१ मार्च २०२४ पासून १८६७ च्या कायद्याची जागा 'प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३' याने घेतली आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली आणि छापखानेवाल्याचे प्रतिज्ञापत्रही गेले. आता त्याने ऑनलाइन सूचना दिली की पुरे.

वृत्तव्यवसायाबाहेर, कपड्यांना 'प्रेस करणे' म्हणजे इस्त्री. नाशिकरोडला 'प्रेसमध्ये आहेत' असे कोणाविषयी सांगितले, तर ती व्यक्ती पत्रकार समजू नये. तिथे प्रेस म्हणजे नोटा आणि मुद्रांक छापणारे सरकारी कारखाने.