प्रफुल्लचंद्र राय आणि छपरावरची हाडं

१६ जून १९४४ रोजी कलकत्त्याच्या सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत आचार्य प्रफुल्लचंद्र राय वारले. वय ब्याऐंशी. स्वतःचं घर नाही, संसार नाही. याच कॉलेजात ते शिकवत होते आणि राहतही तिथेच होते. आदल्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती.

त्यांच्याबद्दलची जी आठवण आपल्याकडे सर्वांत जास्त सांगितली जाते, ती एका मराठी माणसाकडून आलेली आहे. १९०२ साली गांधीजी कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे महिनाभर राहिले होते. राय शेजारीच राहत, त्यांचं नेहमी येणंजाणं. गोखल्यांनी ओळख करून दिली ती अशी, की या प्रोफेसरांना आठशे रुपये पगार आहे, त्यातले चाळीस स्वतःला ठेवून बाकीचे ते सार्वजनिक कामाला देतात, आणि यांनी लग्न केलेलं नाही, करायचंही नाही. गांधीजींनी आत्मकथेत हे नोंदवलं आणि रायांची मूर्ती तयार झाली. त्यागमूर्ती.

यात खोटं काही नाही. १९२१ साली साठी पूर्ण झाल्यावर तर त्यांनी विद्यापीठाचा सगळाच पगार रसायनशास्त्राच्या संशोधनासाठी सोडून दिला. पण मला वाटतं, या मूर्तीमागे खरा माणूस झाकला गेला. आपल्याला त्याग कळतो, त्याची सवय आहे. हाडं कळत नाहीत.

हाडांची गोष्ट सांगतो. एडिंबरोची डॉक्टरेट घेऊन आलेले राय १८८९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले ते अडीचशे रुपयांवर. हिंदी माणसाला गोऱ्याच्या बरोबरीची नेमणूक नव्हती. त्यांनी तक्रार केली तेव्हा शिक्षणखात्याच्या वरिष्ठांनी सुनावलं, की दुसरे मार्ग मोकळे आहेत, इथे यायची सक्ती कोणी केलेली नाही. ते कॉलेजात राहिले, पण दुसरा मार्गही धरला. १८९२ साली, सुमारे सातशे रुपयांच्या भांडवलावर, ९१ अप्पर सर्क्युलर रोड या राहत्या भाड्याच्या घरात, औषधं करायला सुरुवात केली. विलायतेहून येणारं सोडियम फॉस्फेट इथे का होऊ नये? हाडं भाजायची, राखेवर गंधकाम्ल घालायचं, पुढे सोडा. खाटकांकडून गाडाभर हाडं आणून गच्चीवर वाळत टाकली. आणि ऐन जानेवारीत पाऊस लागला! चिकटलेलं मांस सडलं, अळ्या पडल्या, कावळे जमले आणि तुकडे उचलून आजूबाजूच्या सोवळ्या घरांत टाकू लागले. शेजारी खवळले, आरोग्यखात्याची तंबी आली. मग गावाबाहेर माणिकतल्याला जागा घेऊन रात्री हाडं पेटवली, तर गस्तीचा शिपाई धावत आला. त्याला वाटलं, प्रेतच जाळतायत.

हाडांच्या राखेची चिमूट वर्गात जिभेवर ठेवून ते विद्यार्थ्यांना म्हणत, की हे आता कॅल्शियम फॉस्फेट आहे, गाय कुठली नि घोडा कुठला, अशीही आठवण सांगितली जाते. १८९० च्या दशकातल्या हिंदू कलकत्त्यात हे करायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

त्यांचे डॉक्टर मित्र अमूल्यचरण बोस कारखान्यात आले. अडुळसा, कुड्याची साल, ओव्याचा अर्क अशी आजीच्या बटव्यातली औषधं प्रमाणबद्ध करून बाटलीत भरायची, हा विचार त्यांनी पुढे नेला. १८९८ मध्ये ते प्लेगने गेले. सतीशचंद्र सिंह हा तरुण रसायनज्ञ कामावर असताना प्रुसिक ॲसिडच्या विषबाधेने गेला. तरीही १९०१ साली बेंगाल केमिकल ही रीतसर कंपनी झाली. पुढे ती कितीतरी वर्षं सांभाळली राजशेखर बसूंनी. होय, बंगालीतले थोर विनोदी लेखक ‘परशुराम’ ते हेच!

आता माझ्या अडचणीच्या जागेवर येतो. याच सुमारास, १९०२ मध्ये, रायांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला. त्याच्या शेवटी त्यांनी विचारलं आहे, की इथली प्रयोगबुद्धी आटली का? उत्तर दोन पदरी आहे. जातिव्यवस्थेने हाताचं काम खालच्यांकडे ढकललं, त्यामुळे विचार करणारा वर्ग कारागिरीपासून तुटला, आणि घटना कशी घडते, का घडते, हे विचारणारं कोणी उरलं नाही. दुसरं म्हणजे शंकराचार्यांचा मायावाद.

मी तीस वर्षं शांकरभाष्य शिकवलं. हे प्रथम वाचलं तेव्हा रागच आला. शंकराचार्य व्यावहारिक सत्ता मानतात, जग व्यवहारात खोटं म्हणत नाहीत, हे रायांना कोणी सांगितलं नाही का? हा आक्षेप मी आजही सोडलेला नाही. एका दर्शनामुळे प्रयोगशाळा बंद पडते, हे फार सोपं झालं.

पण पहिल्या कारणाला माझ्याकडे उत्तर नाही. उलट मी स्वतःच त्याचा पुरावा आहे. माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात ‘रसेश्वरदर्शन’ नावाचं प्रकरण आहे. रस म्हणजे पारा. पारा सिद्ध करून देह स्थिर करायचा आणि जिवंतपणी मुक्ती मिळवायची, असं मानणाऱ्यांचं हे दर्शन. रायांनी ते बारकाईने वाचलं होतं. आणि आम्ही? पुण्यात वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी स्वतःच्या संस्कृत टीकेसह हा ग्रंथ १९२४ साली संपादित केला, ती प्रत माझ्या टेबलावर कायम असे. वर्गात चार्वाक, बौद्ध, जैन झाले, की हे प्रकरण मी ओलांडून पुढे जायचो. म्हणायचो, यात तत्त्वज्ञान नाही, पाऱ्याची भट्टी आहे. एकाही विद्यार्थ्याने कधी हरकत घेतली नाही.

त्याच पाऱ्यावर १८९६ मध्ये रायांचा सर्वांत प्रसिद्ध शोध लागला. जादा पाऱ्यावर थंडच ठेवलेलं सौम्य नत्राम्ल घातलं, तर तळाशी पिवळे स्फटिक दिसले. त्यांना हवं होतं वेगळंच. ते फेकून न देता पृथक्करण केलं, तर निघालं मर्क्युरस नायट्राइट. असा पदार्थ टिकेल असं तोवर कोणाला वाटत नव्हतं.

कंपनी पुढे तोट्यात गेली, १९८० मध्ये सरकारने ती राष्ट्रीयीकृत केली, मग विकायचंही घाटलं. २०२० च्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हवं झालं, तेव्हा हे नाव लोकांना एकदम आठवलं. त्या औषधाचा करोनावर उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा.

असो. पुढच्या वेळी आपण रसेश्वरदर्शनाचं ते प्रकरण ओळीने वाचायला घेणार आहोत. संस्कृत मी सांगेन. श्रोत्यांत औषधाच्या कारखान्यात नोकरी केलेलं कोणी असेल, तर त्यांनी कृपया पुढे येऊन बसावं. पाऱ्याचे संस्कार म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं, हे मला त्यांच्याकडून समजून घ्यायचं आहे.