तंबाखू मुरतो म्हणजे नेमकं काय मुरतं?

आजच्या एपिसोडची सुरुवात एका कपाटापासून करतो.

माझ्या एका सहकाऱ्याला पाइप ओढायचा शौक आहे. त्याच्या कपाटात काचेच्या बरण्या रांगेत लावल्यात. प्रत्येकीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. व्हॅनिलाचा, चेरीचा, व्हिस्कीचा वास दिलेला तंबाखू, झाकणं घट्ट, उजेड नको, हलवायचं नाही. मी विचारलं, हे काय? तर म्हणे, "मुरायला ठेवलंय. पाच वर्षांनी उघडणार." आणि वर म्हणाला, "ही गोऱ्या लोकांची कला आहे रे. आपल्याकडे कुणी असलं केलं नाही."

मला ते खटकलं. ज्या भाषेत लोणचं मुरतं, राजकारणी मुरतो आणि संशय आला की कुठेतरी पाणी मुरतं, त्या भाषेच्या लोकांनी तंबाखू तेवढा मुरवला नसेल? म्हणून जरा शोधाशोध केली. गोष्ट चारशे वर्षं मागे गेली, आणि शेवटी आमच्या शिरपूरच्या पानटपरीवर येऊन थांबली.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. आमचं शिरपूर जैन म्हणजे वाशिम जिल्हा, म्हणजे जुनं वऱ्हाड. १५९६ साली अहमदनगरच्या चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना सोडावं लागलं. म्हणजे इथे अकबराचा अंमल आला. खाली दक्षिणेत विजापूरला मात्र आदिलशाही शाबूत होती, आणि विजापूरकरांचा गोव्याच्या पोर्तुगीजांशी शेजार होता. अमेरिकेतून निघालेलं तंबाखूचं पान पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आलं, ते असं.

अकबराचा एक सरदार होता, असद बेग. शहजादा दानियालचं लग्न आदिलशहाच्या मुलीशी ठरलेलं, त्या कामासाठी तो विजापूरला गेला होता. तिथे त्यानं तंबाखू पाहिला आणि परत जाताना बादशहासाठी भरपूर बरोबर घेतला. साधारण १६०४-०५ची ही गोष्ट. नुसती पानं नाही नेली. तीन हात लांब रंगवलेली नळी, येमेनी अकीकाचं तोंड, सोन्याची चिलीम आणि हे सगळं ठेवायला चांदीचं तबक. आजच्या भाषेत सांगायचं तर पॅकेजिंग जबरदस्त होतं.

अकबरानं विचारलं, हे काय? दरबारातल्या लोकांनी सांगितलं की मक्का-मदिनेत हे माहीत आहे, औषध म्हणून आणलंय. बादशहानं दोन-तीन झुरके घेतले. हकीम घाबरले. म्हणाले, आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, नको. असद बेगनं वाद घातला: जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच असते की. अकबराला युक्तिवाद आवडला, पण त्यानं स्वतः सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावली. व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली. बारा-तेरा वर्षांत, १६१७ साली, जहांगिरानं तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. बंदीचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

इथे एक गोष्ट दुरुस्त करून टाकू. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की हुक्का अकबराच्या हकीम अबुल फतह गिलानीनं शोधला. आता गिलानी वारला १५८९ साली. असद बेगचा तंबाखू दरबारात आला त्यानंतर पंधरा वर्षांनी. शिवाय असद बेगच्या वर्णनात पाण्याचं भांडंच नाही. तारखा जुळत नाहीत, म्हणजे गोष्टीत बग आहे.

आता मुख्य मुद्दा. कच्चा तंबाखू ओढायला सोपा नसतो. घसा खरवडतो, ठसका लागतो, डोकं गरगरतं. म्हणजे शरीर सरळ सांगतं, नको. यावर आपल्या लोकांनी जो उपाय काढला तो म्हणजे गूळ. वाळलेलं पान कुटायचं, त्यात गूळ किंवा काकवी मळायची. गूळ अधिक तमाखू, म्हणून नाव गुडाखू. हॉब्सन-जॉब्सन नावाचा १८८६चा कोश आहे, इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या हिंदी शब्दांचा. त्यातही हा शब्द 'गोराको' असा सापडतो.

श्रीमंतांचा गुडाखू आणखी पुढचा. त्यात पिकलेली केळी, फणस, अननस, बोरं. वर चंदन, वेलची, जटामांसी, गुलाबाच्या पाकळ्या. मग तो गोळा मडक्यात भरून, तोंड बंद करून ठेवायचा, कधी चक्क जमिनीत पुरायचा. आंबवलेल्या प्रकाराला खमिरा म्हणत. खमीर म्हणजे आंबवण, ज्यानं नान फुगतो तेच. लखनौचा खमिरा तर प्रसिद्धच. तर सहकाऱ्याला मी एवढंच सांगितलं: तुझी बरणी आणि आपलं मडकं, दोघांचं काम एकच.

मडक्यात काय होतं? सोपं करून सांगतो. पानातली आणि गुळातली साखर, पानातलीच अमिनो आम्लं, थोडा ओलावा आणि वेळ. साखर आणि अमिनो आम्लांची हळूहळू प्रक्रिया होते, भाकरी भाजताना खरपूस वास येतो त्याच जातीची, फक्त थंड आणि महिनोन्महिने चालणारी. जिवाणू आणि यीस्ट आपलं काम करतात. अमोनियाचा उग्र दर्प उडून जातो. गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून पान कोरडं पडत नाही. शेवटी वास गोल होतो, धूर मऊ होतो.

दूर अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स पॅरिशमध्ये 'पेरीक' नावाचा तंबाखू करतात. तिथे पानं व्हिस्कीच्या जुन्या पिंपांत दाबून, वर्षभर तरी त्यांच्याच रसात आंबवतात. इकडे मडकं, तिकडे पिंप. मात्र वासाच्या तंबाखूत एक गंमत आहे. मुरतं ते पान आणि साखर. वरून शिंपडलेला व्हॅनिला किंवा गुलाब उडून जाणाराच असतो. म्हणून पाइपवाले जाणकारही सांगतात की जास्त साखरेचा साधा व्हर्जिनिया वर्षानुवर्षं सुधारतो, वास मारलेला तंबाखू फारसा नाही. सहकाऱ्याच्या चेरीच्या बरणीतून पाच वर्षांनी चेरी बरीचशी गायब झालेली असेल.

बरं, मुरवायला वेळ लागतो. आणि वेळ कुणाकडे असतो? हुक्क्याचा जमाना बघा. बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी भरून हुक्क्याची भांडी केली. काळा रंग यावा म्हणून बिदरच्या किल्ल्यातलीच माती वापरली. ती भांडी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. कंपनीच्या साहेबांकडे हुक्का भरायला वेगळा नोकर असे, हुक्काबरदार. १७७९ साली कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जनं मेजवानीचं आमंत्रण धाडलं, त्यात पाहुण्यांना विनंती होती की नोकर आणू नका, हुक्काबरदार तेवढा चालेल!

पान पिकवणाऱ्याकडे हा वेळ नव्हता. वखार व्यापाऱ्याची, थांबण्याची ताकद व्यापाऱ्याची. शेतकऱ्याला कर्ज फेडायचं असतं, माल मिळेल त्या भावात द्यावा लागतो. सीमाभागातल्या निपाणीला याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ साली शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात शेतकरी मेले. निपाणीचा माल विडीचा, हुक्क्याचा नाही. पण थांबायला कुणाला परवडतं हा प्रश्न तोच.

आता ज्यासाठी हा एपिसोड केला ते सांगतो. मडक्यात काय मुरत नाही? निकोटिन. उग्रपणा जातो, ठसका जातो, पण ज्यानं सवय लागते ते तिथेच राहतं. गुळानं आणि वेळेनं काय केलं, तर शरीराचा 'नको' म्हणणारा आवाज बंद केला. आपण त्याला सौम्य म्हणायला लागलो.

आणि याहून वाईट. पानात नायट्रेट असतं. ओलाव्यात काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते निकोटिनसारख्या घटकांशी जुळतं आणि नायट्रोसामाइन तयार होतात. यातल्या दोघांना, एनएनएन आणि एनएनकेला, जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. म्हणजे ज्या ओलाव्यात चव तयार होते, त्यातच हेही तयार होऊ शकतं. म्हणून स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायचा स्नूस करताना उष्णता देऊन जिवाणू मारतात आणि डबे फ्रिजमध्ये ठेवतात. मुरू नये म्हणून! तेवढ्यानं तो निरुपद्रवी होतो असं नाही, कमी वाईट होतो.

"हुक्क्यात पाणी असतं ना, गाळून निघतं" हेही ऐकलं असेल. पाणी धूर थंड करतं. घातक गोष्टी बहुतेक तशाच पुढे जातात, वर कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड. थंड धूर म्हणजे लांब झुरका, इतकंच. १९९०च्या दशकात मध्यपूर्वेतून सफरचंद, पुदिना, द्राक्ष अशा वासांचा मुआस्सल जगभर पसरला. तो कोण? तोच आपला गुडाखू, नवीन डब्यात. कमला मिलच्या आगीनंतर २०१८ साली महाराष्ट्रानं हुक्का पार्लरवर कायद्यानं बंदी आणली.

आणि गुडाखू हा शब्द मेला नाही. छत्तीसगड, ओडिशात आज गुडाखू म्हणजे छोट्या डबीतली तंबाखू-गुळाची पेस्ट, सकाळी दातांना घासायची. सरदाराच्या हुक्क्यातून निघून तो मजुराच्या हिरड्यांवर आला.

आमच्याकडे विदर्भात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटायचा. चार वर्षं नाही, चार मिनिटं. मुरायला ना मडकं, ना तळघर. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबून लोक येतात. जैन परंपरेत सात व्यसनं सांगितलीत: जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्री. यादीत तंबाखू नाही. कसा असेल? यादी झाली तेव्हा तो समुद्रापलीकडे होता. पण आज मुनी तंबाखू सोडण्याचेही नियम देतात. यादी अपडेट करावी लागते, हे त्यांना कळलं. आपण मात्र 'फ्लेवरवाला आहे, माइल्ड आहे' या जुन्याच उत्तरावर अडकलोय.

सहकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं. तो हसला, बरणीवरची तारीख पुसली नाही. पण परवा त्यानंच विचारलं, "तो सोडायचा नंबर कोणता रे?" तो नंबर तुम्हालाही देतो, टोल फ्री आहे: १८००-११२-३५६. स्वतःसाठी नको असेल तर काकांसाठी सेव्ह करून ठेवा.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर मुरवायचंच असेल तर लिंबाचं लोणचं मुरवा, जितकं जुनं तितकं चांगलं.