भरतनक्षीची सरळ मांडणी : लखनौची चिकनकारी व यंत्रभरत

भरतकामाची नक्षी कपड्यावर ठरल्या जागी आणि तिरकी न होता उतरावी, म्हणून टाके घालण्यापूर्वी केली जाणारी आखणी. लखनौच्या चिकनकारीत हे काम लाकडी ठशांनी छापणारा कारागीर करतो. यंत्रभरतात ते कापड रिंगेत बसवणाऱ्याकडे येते. नक्षी वाकडी गेली की बोल सुईला लागतो. खरे तर बहुतेक वेळा सुई चालू होण्याआधीच वाकडेपणा पक्का झालेला असतो.

चिकनकारीच्या पारंपरिक पद्धतीत कापड आधी शिंप्याकडे जाते. तो कुर्त्याचे पुढचे-मागचे भाग व बाह्या कापतो, कित्येकदा खांदे कच्च्या टाक्यांनी जोडूनही देतो. छपाई त्यानंतर होते. त्यामुळे गळ्याभोवतीची नक्षी, बाहीच्या तोंडाची वेल आणि घेराची किनार यांना थेट कपड्याच्या कडेचा आधार मिळतो. थानावर आधी छापून मग कापले असते तर शिंप्याची कात्री अर्धा इंच सरकताच वेल कडेला तिरकी भिडली असती. ठसे शिसमासारख्या कठीण लाकडात कोरलेले असतात. पांढऱ्या कापडावर नीळ, रंगीत कापडावर सफेदा, दोन्हींत थोडा डिंक. हा रंग कच्चा असतो आणि तो कच्चाच असावा लागतो, कारण भरत पुरे झाल्यावर धुलाईत तो निघून जायचा असतो. ही धुलाई परंपरेने गोमतीकाठच्या धोब्यांची.

छापणाऱ्याचे कौशल्य वेलीत कळते. सुटी बुटी एखाददुसरी कलली तरी खपून जाते, पण वेल एकाच ठशाच्या सलग उठावांनी पुढे जाते आणि प्रत्येक उठाव मागच्याच्या टोकाला जुळवावा लागतो. पहिला ठसा किंचित फिरला की पुढचे सगळे त्याच्यामागे जातात. हिशेब सोपा आहे: 1 अंशाचा कल 10 सेंटिमीटरच्या नक्षीत पावणेदोन मिलिमीटरच दिसतो, 40 सेंटिमीटरच्या घेरावर मात्र तो 7 मिलिमीटर होतो आणि लांबूनही डोळ्यात भरतो.

छापलेले भाग मग लखनौच्या चौक भागातल्या दुकानांतून किंवा मध्यस्थांमार्फत शहरातल्या मोहल्ल्यांत आणि काकोरी, मलिहाबाद अशा आसपासच्या भागांतल्या घरांत जातात. भरणाऱ्या बहुतेक स्त्रिया. टेपची, बखिया, मुर्री, फंदा, जाळी असे टाके प्रकाराप्रमाणे वेगवेगळ्या हातांनीही घातले जातात. कापड लहान रिंगेत धरा, बोटांवर ताणा, वाटेल तसे फिरवा. रेघ कापडावरच असल्याने नक्षी जागची हलत नाही. कुठल्या हाताने कुठले पान भरले, याचा सरळपणाशी संबंध उरत नाही. ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे. अवघड निर्णय एकदाच, एकाच माणसाने घ्यायचा आणि तो कापडावर सोडून द्यायचा. महाराष्ट्रात घरोघरी ट्रेसिंग पेपरला भोके पाडून रॉकेल-निळीने उमटवला जाणारा खाकाही याच जातीचा.

यंत्रात नेमका हाच आधार सुटतो. संगणकी यंत्राला कापड दिसत नाही; त्याला फक्त रिंग माहीत असते. रिंगेत कापड 3 अंशांनी फिरले तर नक्षीही 3 अंशांनी फिरून, अगदी बिनचूक टाक्यांत, भरली जाते. म्हणून तयार कपड्याची उभी मध्यरेषा खांद्याला खांदा जुळवून घडी घालून काढतात, तिच्यावर धुऊन जाणाऱ्या पेनाने किंवा खडूने अधिकची खूण करतात आणि रिंगेच्या मध्यखुणा तिच्याशी जुळवतात. नक्षीचा कागदी नमुना ठेवून पाहणे, सुई हाताने खाली आणून मध्यबिंदू तपासणे आणि यंत्राला नक्षीची चौकट टाक्यांविना फिरवायला लावणे, एवढे केले की बरेचसे नुकसान टळते. कापड थोडे तिरके बसलेच असेल तर पुन्हा रिंग उघडण्याऐवजी पडद्यावर नक्षी तितके अंश फिरवता येते. हा उपाय कमी वापरला जातो, पण उत्तम आहे.

रिंग घट्ट केल्यावर कापड ओढू नये. उरेब ओढले गेलेले कापड रिंगेतून सुटताच आखडते आणि गोल फूल लंबगोल होते. दाट भरणही कापडाला टाक्यांच्या दिशेने आत ओढते. त्यासाठी खाली बॅकिंग पेपर लागतो आणि नक्षी तयार करतानाच थोडी भर धरावी लागते.

कापडाचा उभा धागा आणि कपड्याची मध्यरेषा नेहमी एक नसतात. धाग्यावर नीट कापलेल्या कुर्त्यात त्या जुळतात. स्वस्त टी-शर्टात वीणच पिळलेली असते आणि धुतल्यावर बाजूची शिवण पुढे सरकते. अशा वेळी पाहणाऱ्याची नजर गळ्याची पट्टी, बटणांची ओळ आणि खिशाची वरची कड पाहते, म्हणून नक्षी कपड्याला समांतर ठेवावी. पट्ट्या-चौकड्यांच्या कापडात मात्र पट्टीच जिंकते.

स्विस तंत्रज्ञ इसाक ग्र्योब्ली यांनी 1863 साली शिफली हे भरतयंत्र बनवल्यापासून तिसरी वाटही रूढ झाली: रुंद थानावर आधी भरत, मग कापणी. लखनौच्या बाजारात चिकन म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्रमालात असे कापडही असते. तिथे नक्षीच्या सरळपणाची जबाबदारी कात्रीवर येते. लखनौ चिकनला 2008 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते हातकामाला.

कुर्ता घेताना दोन्ही खांद्यांच्या शिवणींना धरून उभा टांगावा आणि घेराची वेल कडेपासून डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहावे. मग तो उलटा करावा: मागे सर्वत्र एकसारखा बॉबिनचा दोरा दिसला तर काम यंत्राचे, निळीचा फिकट अंश राहिला असेल तर छपाईवरचे.