मोबाइल नव्हता तेव्हा

हल्ली कॉलेजची मुलं मोबाइलवर दोन मिनिटांच्या फिल्म काढतात. हात धुवा, मुलगी शिकवा. आपल्या संभाजीनगरच्या मुलांनी असं काम पूर्वी नाटकातून केलंय. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथं मिलिंद महाविद्यालय काढलं. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं. १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी ते खुद्द बाबासाहेबांसमोर केलं, पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी पुन्हा. त्यात उपदेश कमी. पिढ्यान्‌पिढ्यांचा जातीचा जाच डोळ्यांपुढं उभा केलेला. ज्यांनी सोसलं त्यांच्याच घरची मुलं त्यात होती, आमच्या मते खरं बळ तेच. म्हणून फिल्मवाल्या मुलांना आम्ही सांगतो, हात धुतलेले दाखवा, पण पाण्याचा हंडा कुठून येतो तेही दाखवा.