तिकीट पक्के, जागा मात्र नाही : विमानातील आसनाच्या घासाघिशीचा इतिहास

१/
२८ एप्रिल १९७२. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावरून सव्वादहाला हार्टफर्डकडे निघणारे अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सचे विमान सुटण्याच्या बेतात होते. जेमतेम पाच मिनिटे उरली असताना एक वकील काउंटरपाशी पोहोचला. आरक्षण तीन दिवस आधी केलेले, तेही पक्के. तरीही त्याला सांगण्यात आले की विमान भरले आहे आणि त्याच्यासह आणखी काहींना जागा मिळणार नाही. विमान कंपन्यांच्या दृष्टीने ही नित्याची बाब होती. फक्त त्या दिवशी समोर उभा असलेला प्रवासी राल्फ नेडर होता.

२/
१९६५ साली 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक लिहून अमेरिकन मोटार उद्योगाला घाम फोडणारा हा माणूस. दुपारी बारा वाजता हार्टफर्डमध्ये एका नागरिक संघटनेच्या निधीसाठी त्याची सभा होती. काउंटरवर त्याने दोन विनंत्या केल्या. एखादा स्टँडबाय प्रवासी चुकून आत गेला आहे का, ते पाहावे. आणि आत बसलेल्यांपैकी कोणी स्वखुशीने आपली जागा सोडायला तयार आहे का, ते विचारावे. दोन्ही विनंत्या नाकारण्यात आल्या. यातली दुसरी विनंती लक्षात ठेवावी. पुढचा सारा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

३/
कंपनीने पर्याय दिला तो असा : छोट्या विमानाने फिलाडेल्फिया, तेथे दहा मिनिटांत दुसरे विमान, हार्टफर्डला आगमन सव्वाबाराला. दहा मिनिटांत विमान बदलण्याचा भरवसा नेडरला वाटला नाही. तो बॉस्टनला गेला आणि तेथून मोटारीने दिवसातल्या दुसऱ्या सभेला पोहोचला. दुपारची सभा हुकली ती हुकलीच.

नियमानुसार कंपनीने त्याला भरपाईही देऊ केली : तिकिटाच्या दराएवढी, म्हणजे तीसेक डॉलर. ती त्याने घेतली नाही.

४/
या नकारामागे निव्वळ ताठा नव्हता, त्यात वकिली शहाणपण होते. तेव्हा अमेरिकेतील विमान वाहतुकीवर सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाचे नियंत्रण होते. पक्के आरक्षण असूनही ज्याला जागा नाकारली जाई, त्याला तिकिटाच्या दराएवढी, पण किमान २५ आणि कमाल २०० डॉलर भरपाई द्यावी, असा मंडळाचा नियम होता. मेख अशी की ही रक्कम एकदा स्वीकारली की झालेल्या सगळ्या नुकसानीचा हिशेब मिटला असे मानले जाई. धनादेश खिशात घालणारा प्रवासी त्याच क्षणी न्यायालयाचे दार स्वतःच्या हाताने लावून घेत असे. बहुतेकांना हे ठाऊक नसे.

५/
कंपन्या मुळात असलेल्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकत तरी का? कारण विमान सुटले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. संध्याकाळी उरलेली पालेभाजी निदान दुसऱ्या दिवशी पडत्या भावाने विकता येते. काल उडून गेलेली खुर्ची विकता येत नाही. त्या काळात आरक्षण करून न येणाऱ्या प्रवाशाला सहसा दंड नसे. कामानिमित्त फिरणारा माणूस दुपारच्या आणि संध्याकाळच्या अशा दोन्ही विमानांत जागा धरून ठेवी आणि सोयीचे पडेल त्याने जाई. दुसरी जागा रिकामी उडे. किती जण येणार नाहीत, याचा जुन्या नोंदींवरून अंदाज बांधून कंपन्या तेवढी तिकिटे जास्त विकू लागल्या. हेच ओव्हरबुकिंग. १९६४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची 'सेबर' ही संगणकीय आरक्षण यंत्रणा पूर्णपणे सुरू झाली, आणि असा हिशेब मांडणे पुढे अधिकाधिक सोपे होत गेले.

६/
अंदाज बहुतेक वेळा बरोबर येई. १९७२ मध्ये अमेरिकेतील देशांतर्गत विमानांत दर १०,००० प्रवाशांमागे सरासरी ५.४ जणांनाच जागा नाकारली गेली. प्रमाण नगण्य वाटते खरे. पण त्या पाच जणांत कोण होते, हे आकडा सांगत नाही. लग्नाला निघालेला, अंत्यविधीला निघालेला आणि नुसताच सुट्टीवर निघालेला, सगळे एका मापाने मोजले जात. सहसा जो शेवटी आला तो राहिला, एवढाच न्याय.

आपल्याकडच्या रेल्वेशी तुलना केली तर फरक चटकन कळतो. रेल्वेही जागांपेक्षा जास्त तिकिटे देते, पण वेटिंग लिस्टचा क्रमांक तिकिटावरच छापते. धोका प्रवाशाला आधीच ठाऊक असतो. विमान कंपन्या तो धोका लपवून 'पक्के' म्हणत होत्या. नेडरचा आक्षेप नेमका इथे होता.

७/
त्याने फसवणुकीचा दावा लावला. जिल्हा न्यायालयाने त्याला प्रत्यक्ष नुकसानीपोटी १० डॉलर आणि कंपनीला अद्दल घडावी म्हणून दंडात्मक भरपाई २५,००० डॉलर देवविली. अपील न्यायालयाने हा निकाल उलटवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे असे की अशा तक्रारीचा निवाडा आधी मंडळाने करावा. ७ जून १९७६ रोजी न्यायालयाने एकमुखाने सांगितले की फसव्या आश्वासनाबद्दल प्रवासी थेट न्यायालयात येऊ शकतो, मंडळाची वाट पाहण्याची गरज नाही. निकालपत्र न्यायमूर्ती लुइस पॉवेल यांचे होते.

हा निकाल 'ओव्हरबुकिंग बेकायदा ठरले' असा सांगितला जातो. ते चूक आहे. न्यायालयाने ओव्हरबुकिंगवर बंदी घातली नाही. ते लपवून ठेवणे महागात पडू शकते, एवढे मात्र कंपन्यांना कळून चुकले.

८/
या कथेचा दुसरा धागा चार वर्षे आधी सुरू होतो आणि त्यात न्यायालय कोठेही नाही. १९६८ च्या मे महिन्यात इलिनॉय विद्यापीठातील ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाचा एक छोटासा लेख वाहतूक-अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. शीर्षकाचा अर्थ : 'विमानांच्या ओव्हरबुकिंगवर एक जवळजवळ व्यवहार्य उपाय'. 'जवळजवळ' हा शब्द त्याने मुद्दाम घातला असणार, कारण उपाय ऐकून लोक हसणार हे त्याला दिसत होते.

९/
उपाय साधा होता. विमानात माणसे जास्त झाली की प्रत्येकाला एक लिफाफा आणि कागद द्यावा. पुढच्या विमानापर्यंत थांबायला आपण कमीत कमी किती पैसे घेऊ, हे प्रत्येकाने त्यावर लिहावे. सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्यावेत आणि पुढच्या विमानात बसवावे. दोन जागा हव्या असतील तर कमी बोलीचे दोघे. ज्याला घाई आहे तो मोठा आकडा लिहील आणि जागेवर राहील. ज्याला घाई नाही तो खुशीने उतरेल. कोणाची घाई किती खरी, हे ठरवण्याचे काम काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडून काढून खुद्द प्रवाशाकडे दिले गेले.

सायमनने कंपन्यांना पत्रे लिहिली. उत्तरे आली ती हे व्यवहारात जमणार नाही अशीच. विमानात लिलाव म्हणजे मासळीबाजार, असा काहीसा त्यांचा सूर. गंमत अशी की बळजबरीने माणसे उतरवणे त्यांना व्यवहार्य वाटत होते, विचारून उतरवणे मात्र नाही.

१०/
जवळपास दहा वर्षे कोणी दाद दिली नाही. मग जून १९७७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील आल्फ्रेड कान मंडळाच्या अध्यक्षपदी आले. तेही अर्थशास्त्रज्ञ; सायमनची कल्पना त्यांना पटली. १९७८ मध्ये मंडळाचा नवा नियम आला : जागा कमी पडल्यास कंपनीने आधी स्वखुशीने उतरणारे शोधावेत आणि त्यांना मोबदला द्यावा. तेवढे न मिळाले तरच कोणाला सक्तीने थांबवावे. तेव्हा तिकिटाच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त ४०० डॉलर भरपाई. शिवाय विमानात ओव्हरबुकिंग होऊ शकते, अशी सूचना प्रवाशांना दिसेल अशी लावणे बंधनकारक झाले.

नेडरने सहा वर्षांपूर्वी काउंटरवर जे मागितले होते, तेच आता प्रत्येक कर्मचाऱ्याला करावे लागणार होते. त्याच्या मागणीत नसलेली एक गोष्ट सायमनने पुरवली होती : किंमत. कोणी फुकट उठून जागा देईल, हे तसे अवघडच होते.

११/
मात्र सायमनचा लिफाफा नियमात आला नाही. मोबदला कसा ठरवायचा हे कंपन्यांवर सोडले गेले आणि त्यांनी जाहीर पुकारा पसंत केला : दोनशे डॉलर कोण घेतो? तीनशे? अशा वेळी प्रवासी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. आणखी थोडे थांबले तर आकडा वाढेल, पण शेजाऱ्याने आधी हात वर केला तर हातचेही जाईल.

व्हाउचरचा डावही इथलाच. सक्तीने थांबवलेला प्रवासी रोख रक्कम किंवा धनादेश मागू शकतो. स्वखुशीने उतरणाऱ्याच्या मोबदल्याचे स्वरूप मात्र सौद्यात ठरेल तेच, आणि कंपनीला अर्थातच व्हाउचर सोयीचे. त्यावर मुदत असते, अटी असतात. ३०० रोख आणि ३०० चे व्हाउचर या दोन वेगळ्या रकमा आहेत, हे गर्दीत सुचत नाही.

१२/
कमाल मर्यादेचा परिणाम त्याहून खोल होता. सक्तीच्या भरपाईची ४०० डॉलरची मर्यादा १९७८ पासून २००८ पर्यंत हलली नाही. त्या तीस वर्षांत महागाईने डॉलरचे मोल कुठल्या कुठे नेले. सौदा फिसकटला तर फार तर ४०० डॉलर देऊन कोणालाही थांबवता येते, हे कंपनीला माहीत असेल, तर पुकाऱ्यात ती त्याच्या फार पुढे का जाईल? २००८ मध्ये ही मर्यादा दुप्पट झाली, पुढे आणखी वाढली. २०११ मध्ये डेल्टाने चेक-इनच्या यंत्रावरच प्रवाशाला 'किती घ्याल?' असे विचारायला सुरुवात केली. तब्बल ४३ वर्षांनी सायमनचा लिफाफा पडद्यावर अवतरला. सायमन १९९८ मध्येच वारला होता.

१३/
९ एप्रिल २०१७, शिकागो. लुइव्हिलला जाणाऱ्या युनायटेड एक्स्प्रेसच्या विमानात प्रवासी बसलेले असताना कंपनीला चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या झाल्या. पुकारा ८०० डॉलरपर्यंत गेला, कोणी उठेना. नियमाप्रमाणे सक्तीची कमाल भरपाई तेव्हा १,३५० डॉलर होती. बोली तिथवरही न नेता चौघांची निवड झाली. एका ज्येष्ठ प्रवाशाने उठायला नकार दिला, तेव्हा विमानतळाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी त्याला खुर्चीतून ओढून, रक्तबंबाळ अवस्थेत बाहेर नेले. सहप्रवाशांनी टिपलेली दृश्ये काही तासांत जगभर पोहोचली.

महिना संपायच्या आत युनायटेडने स्वखुशीने उतरणाऱ्यांसाठी १०,००० डॉलरपर्यंत देण्याची तयारी जाहीर केली. डेल्टानेही ९,९५० पर्यंतची मुभा दिली. पुकारा तेवढा वर जाणे कंपन्यांना कधीच अशक्य नव्हते. २०१८ च्या कायद्याने आणि त्यावर बेतलेल्या २०२१ च्या नियमाने स्पष्ट केले की भरपाईला कायद्याने वरची मर्यादा नाही, आणि रीतसर विमानात बसलेल्या प्रवाशाला ओव्हरबुकिंगपायी उतरवता येणार नाही.

१४/
हे झाले विमानाबाहेर राहणाऱ्यांचे. आत घेतले, पण बिझनेसचे तिकीट असून इकॉनॉमीत बसवले, तर? युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमावलीत याचे ठरीव गणित आहे : अंतरानुसार तिकिटाच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के परतावा, तोही सात दिवसांत. पण टक्के कशाचे? ड्युसेलडॉर्फ ते दुबई एवढ्याच टप्प्यावर पहिल्या वर्गातून खाली बसवलेल्या एका प्रवाशाचे प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे आले. संपूर्ण प्रवासाचे नव्हे, त्या टप्प्याच्या किमतीचे टक्के, करांशिवाय, असा निर्णय २०१६ मध्ये लागला. नियमातला एकेक शब्द किती पैशांचा असतो, याचे हे चांगले उदाहरण.

१५/
भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१० मध्ये भरपाईचे नियम आणले. 'आधी स्वखुशीने उतरणारे शोधा' हे तत्त्व त्यातही आहे. २०१६ च्या सुधारणेनुसार जागा नाकारल्यावर तासाभराच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही; २४ तासांच्या आत दिले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये; त्यापुढे चौपट, कमाल २०,०००. म्हणजे ज्या कमाल मर्यादेने अमेरिकेतला सौदा तीस वर्षे आखडून ठेवला, ती येथे आहेच.

खालच्या वर्गात बसवण्याबद्दल डिसेंबर २०२२ च्या प्रस्तावात संपूर्ण भाडे, करांसह, परत देण्याची कल्पना होती. १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमात देशांतर्गत प्रवासासाठी ती ७५ टक्क्यांवर आली, पण करांसह. आंतरराष्ट्रीय प्रवासाला युरोपप्रमाणेच अंतरानुसार ३०, ५०, ७५. युरोपात बिझनेसमधून इकॉनॉमीत आलेल्यापेक्षा मुंबई–दिल्ली प्रवासात खाली आलेला प्रवासी टक्क्यांत पुढे निघतो, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

१६/
राहिली सर्वांत सामान्य तक्रार. वर्ग तोच, पण खिडकीऐवजी मधली खुर्ची. किंवा नवरा-बायको एकत्र बसणार होते, ते दहा रांगा दूर. कंपन्यांच्या करारात विशिष्ट आसनाची हमी नसते, त्यामुळे येथे टक्केवारीही नाही आणि पुकाराही नाही. आसन निवडण्यासाठी वेगळे शुल्क भरले असेल आणि ते आसन मिळाले नाही, तर ते शुल्क परत करावे, असे अमेरिकेच्या २०२४ च्या नियमाने बजावले आहे. शुल्क न भरता मिळालेली खिडकी गेली, तर काय मिळायचे ते काउंटरपलीकडच्या माणसाच्या मर्जीवर. नेडरला १९७२ मध्ये नाकारलेला प्रश्न, 'कोणी बदलायला तयार आहे का?', इथे आजही प्रवाशालाच शेजाऱ्याकडे वळून विचारावा लागतो.