जनगणनेच्या कागदांतून एका कुटुंबाचा शोध

‘आपल्या घराण्याचा वंशवृक्ष काढून आणा’ असा गृहपाठ आपल्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी दिलेला असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन प्रकारच्या वह्या दिसतात. काहींच्या वहीत सात-आठ पिढ्यांची नावे असतात. काहींची वही आजोबांपाशीच थांबते. ‘सर, पुढचं घरी कुणालाच माहीत नाही,’ असे तो मुलगा खालच्या आवाजात सांगतो आणि आपण ‘बरं, जेवढं ठाऊक आहे तेवढं लिही’ म्हणून पुढच्या बाकाकडे वळतो. पण ही वही तिथेच का थांबली, हा खरे तर इतिहासाचा प्रश्न आहे. पूर्वज तर प्रत्येकालाच असतात. मग काहींच्या पूर्वजांची नावे उरतात आणि काहींची पुसली जातात, असे का होते?

या प्रश्नाचा मागोवा आम्ही एका दूरच्या उदाहरणावरून घेणार आहोत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस पिकवणाऱ्या खेड्यांतले हे एक काळे कुटुंब आहे. या घरातल्या एका मुलीचे, मिशेल ओबामा यांचे, नाव जगाला ठाऊक झाले. २००९ ते २०१७ या काळात त्या अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी म्हणून ‘व्हाइट हाउस’मध्ये राहिल्या. त्यांच्या आईच्या बाजूच्या पूर्वजांचा शोध वंशावळींच्या अभ्यासक मेगन स्मोलेन्याक आणि पत्रकार रेचल स्वार्न्स यांनी घेतला. तो २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला. पुढे २०१२ मध्ये स्वार्न्स यांनी त्यावर ‘अमेरिकन टॅपेस्ट्री’ हे पुस्तक लिहिले. आपल्याला कुतूहल आहे ते प्रसिद्धीचे नव्हे, तर शोधाच्या रीतीचे.

मागे जाण्याची वाट

वंशावळ काढताना पहिला नियम असा, की माहीत असलेल्यापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी मागे जायचे. मधली एकही पायरी गाळायची नाही. मिशेल यांची आई मेरियन (१९३७-२०२४) शिकागोत वाढल्या. मेरियन यांचे वडील पर्नेल शील्ड्स हे रंगकाम करणारे कारागीर. ते दक्षिणेतून उत्तरेकडे, शिकागोला आले. १९१० ते १९७० या साठ वर्षांत सुमारे साठ लाख काळी माणसे दक्षिण सोडून अशी बाहेर पडली. पर्नेल त्यांपैकीच एक.

पर्नेलचा बाप रॉबर्ट ली शील्ड्स. १९०६ मध्ये त्याचे लग्न झाले. मजुरी आणि रेल्वेत हमालीसारखी कामे तो करत असे. वयाच्या बत्तिशीच्या सुमारास मात्र तो कागदपत्रांतून नाहीसा होतो. रॉबर्टचा बाप डॉल्फस शील्ड्स. १८८८ च्या सुमारास तो जॉर्जियातून अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम या वाढत्या लोखंडी कारखान्यांच्या गावी आला. तो सुतार होता. पुढे त्याने स्वतःचे घर घेतले, सुतारकाम व हत्यारांना धार लावण्याचा धंदा काढला आणि दोन चर्चच्या स्थापनेत भाग घेतला. १९५० मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या मृत्यूची बातमी काळ्यांच्या स्थानिक वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आली. त्याच अंकात आणखी एक बातमी होती. रेल्वेच्या भोजनडब्यातील आणि उच्च शिक्षणातील वर्णभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले होते. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसाने तो काळ पाहिला, हे ध्यानात घेतले म्हणजे गुलामगिरी किती अलीकडची गोष्ट आहे ते कळते.

डॉल्फसची आई मेल्विनिया. आई, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा आणि त्यांची आई. इथवर येईतो आपल्या रोजच्या बोलण्यातले नात्यांचे शब्दही संपतात.

१८७० ची भिंत

इथपर्यंत येण्यासाठी सर्वांत उपयोगी पडले ते जनगणनेचे कागद. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. प्रत्येक घराचा तपशील ७२ वर्षे गुप्त ठेवला जातो आणि मग सर्वांना खुला होतो. १९५० चे कागद २०२२ मध्ये खुले झाले. १८९० चे बहुतेक कागद मात्र १९२१ च्या वॉशिंग्टनमधील आगीनंतर हातचे गेले, त्यामुळे १८८० वरून एकदम १९०० वर उडी मारावी लागते. त्या वीस वर्षांत जन्मून वारलेले मूल जनगणनेत कुठेच सापडत नाही.

परंतु काळ्या कुटुंबांच्या बाबतीत याहून मोठी अडचण १८७० ला येते. अभ्यासक तिला भिंतच म्हणतात. १८५० पासून जनगणनेत प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहू लागले. गुलामांसाठी मात्र १८५० आणि १८६० मध्ये वेगळी यादी होती. त्या यादीत मालकाचे नाव असे. त्याखाली गुलामांचे वय, लिंग व रंग. नावाचा रकानाच नव्हता. शेतावरच्या गुरांची मोजदाद व्हावी, तशी ही मोजदाद. १८६५ च्या डिसेंबरात तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८७० मध्ये ही सारी माणसे प्रथमच नाव-आडनावांसह जनगणनेत आली. म्हणून मागे जाणारा शोध बहुधा इथे येऊन थडकतो.

भिंतीपलीकडे जायचे तर शोधाची दिशा बदलावी लागते. गुलामाचा शोध मालकाच्या कागदांत घ्यावा लागतो. मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, खरेदीखते, गहाणखते. कारण कायद्याने ती माणसे मालमत्ता होती, आणि मालमत्तेची नोंद कुटुंबाच्या नोंदीपेक्षा जास्त काळजीने ठेवली जाते.

मेल्विनिया अशीच सापडली. दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या डेव्हिड पॅटरसन नावाच्या वृद्ध शेतमालकाने १८५० मध्ये मृत्युपत्र केले. सूत काढण्याचे चरखे, विळे, टेबलावरची कापडे आणि गुरेढोरे यांची वाटणी लिहिता लिहिता त्याने मेल्विनिया या काळ्या मुलीचीही वाटणी लिहिली. तेव्हा ती सहा वर्षांची असावी. पॅटरसन १८५२ मध्ये वारला. मालमत्तेची किंमत ठरवताना मेल्विनियाच्या नावापुढे ४७५ डॉलर हा आकडा पडला. पॅटरसनच्या मालकीचे एकवीस गुलाम होते, म्हणजे त्या मुलीभोवती ओळखीची माणसे होती. तिथून ती जॉर्जियात, मालकाची मुलगी व जावई हेन्री शील्ड्स यांच्या शेतावर गेली. सुमारे दोनशे एकरांच्या त्या शेतावर गहू, मका, रताळी आणि कापूस होत असे. गुलाम अवघे तीन. जेमतेम आठेक वर्षांची मुलगी, ओळखीचे सारे मागे राहिलेले.

तिचे आईवडील कोण, हे कळत नाही. १९३८ मध्ये, नव्वदी उलटल्यावर ती वारली. मृत्यूच्या दाखल्यात आईबापांच्या नावांच्या जागी नातेवाइकाने ‘माहीत नाही’ असे लिहून दिले आहे. आपल्या वर्गातल्या त्या वहीत होते, तेच उत्तर.

रंगाचा रकाना

डॉल्फसचा जन्म १८५९ च्या सुमारास, हेन्री शील्ड्सच्या शेतावर झाला. मेल्विनिया तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. १८७० च्या जनगणनेत तिच्याजवळ चार मुले आहेत. त्यांपैकी तिघांच्या रंगाच्या रकान्यात ‘मिश्र’ अशा अर्थाचे अक्षर आहे. डॉल्फस त्या तिघांतला. हे अक्षर कोण ठरवत असे? दारात उभा असलेला गणक, नजरेने. त्यामुळे हा रकाना शास्त्रीय पुरावा नव्हे, पण खूण म्हणून महत्त्वाचा आहे. मुलांचा बाप गोरा असावा, असे ती खूण सांगते. एक मूल तर गुलामगिरी संपल्यानंतर जन्मलेले आहे. हे संबंध कोणत्या स्वरूपाचे होते, ते कोणत्याच कागदात नाही. एवढे मात्र पक्के, की गुलाम मुलीच्या नकाराला कायद्यात काही किंमत नव्हती. शिवाय मूल आईच्या दर्जाचे धरले जाई. बाप मालकाच्या घरातला असला तरी डॉल्फस जन्माने गुलामच ठरला.

जिथे कागद संपला, तिथे पेशीतला पुरावा कामाला आला. यातले गणित वर्गात सहज करून दाखवता येते. आपल्याला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा, सोळा खापरपणजी-खापरपणजोबा आणि त्याच्या मागच्या पिढीत बत्तीस पूर्वज. मिशेल यांच्या बत्तिसांपैकी मेल्विनिया एक. प्रत्येक पिढीत पालकाचा निम्माच डीएनए मुलाकडे येतो. म्हणजे या पिढीतल्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी बत्तिसावा, साधारण तीन टक्के. हा वाटा सुट्या ठिपक्यांच्या रूपाने नव्हे, तर लांबच लांब तुकड्यांच्या रूपाने येतो. दोन माणसांच्या डीएनएमध्ये असे लांब तुकडे जुळले, तर त्यांचा एखादा पूर्वज समान असला पाहिजे.

डॉल्फसच्या काळ्या वंशजांचे आणि हेन्री शील्ड्सच्या गोऱ्या वंशजांचे नमुने तपासले गेले. तुकडे जुळले. दोन्ही घराणी रक्ताच्या नात्याची निघाली. डॉल्फसचा बाप बहुधा हेन्रीचा मुलगा चार्ल्स मॅरियन शील्ड्स असावा, असा निष्कर्ष स्वार्न्स यांनी २०१२ मध्ये मांडला. इथे ‘बहुधा’ हा शब्द आम्ही मुद्दाम ठेवला आहे. समजा, चार्ल्स हाच बाप. मग डॉल्फस आणि चार्ल्सची गोरी मुले सावत्र भावंडे होतात आणि त्यांचा सरासरी पाव डीएनए सामायिक असतो. समजा, चार्ल्सचा एखादा भाऊ बाप होता. मग ती चुलतभावंडे होतात आणि वाटा सरासरी एक-अष्टमांश होतो. फरक दुपटीचा आहे. पण चार-पाच पिढ्यांनंतर हे दोन्ही वाटे इतके लहान होतात आणि योगायोगाने इतके कमी-जास्त होतात, की केवळ त्यांवरून भावाभावांत निवड करणे अवघड जाते. तिथे पुन्हा कागद लागतो. १८७० मध्ये मेल्विनिया शेतमजूर म्हणून राहत होती ती चार्ल्सच्या शेतालगत. डीएनए आणि जनगणना या दोहोंनी मिळून हा निष्कर्ष तोलून धरला आहे.

खबरदारी का हवी, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अ‍ॅलेक्स हेली यांच्या १९७६ च्या ‘रूट्स’ या पुस्तकाने असंख्य काळ्या कुटुंबांना आपली मुळे शोधायला प्रवृत्त केले. पुढे अभ्यासकांनी मूळ कागद तपासले. हेली यांनी आपला पूर्वज मानलेला टोबी हा गुलाम ज्या जहाजातून १७६७ मध्ये अमेरिकेत आला असे म्हटले होते, त्याच्या काही वर्षे आधीच त्या नावाचा गुलाम त्या मालकाकडे नोंदलेला आढळला. पुस्तकाने जागवलेली आस्था खरी होती, पण साखळीतली एक कडी निखळली होती.

आपल्याकडे

या गोष्टीचे आपल्याशी नाते नाही असे नाही. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडकला, तेव्हा मुंबईतल्या कापसाचे भाव गगनाला भिडले होते. आणि १८७३ मध्ये, म्हणजे मेल्विनियाचे नाव जनगणनेत प्रथम आले त्यानंतर तीनच वर्षांनी, जोतीराव फुल्यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचा व्यवहार दोन्हीकडे एकच आहे, हे फुल्यांनी त्या काळी ओळखले होते.

आता पुन्हा वर्गाकडे येऊ. वंशवृक्षाचा गृहपाठ बंद करावा, असे आम्ही म्हणत नाही. पण तो थोडा बदलून देता येईल. ‘सात पिढ्यांची नावे आणा’ असे सांगण्याऐवजी ‘घरातला किंवा गावातला एक जुना कागद पाहून या’ असे सांगावे. सातबारा, शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, लग्नपत्रिका, काहीही चालेल. मग त्या कागदाला तीन प्रश्न विचारावेत. हा कागद कोणी आणि कशासाठी लिहिला? यात कोणाची नावे आहेत? या घरात राहत असूनही कोणाचे नाव यात नाही? तिसऱ्या प्रश्नाला मुले फार चांगली उत्तरे देतात. आजीचे नाव सातबारावर नाही, हे त्यांना तेव्हाच दिसते. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचा सातबाराच नाही, हेही दिसते. ज्याला घरचे काही सांगायचे नसेल, त्याला गावातला कागद निवडण्याची मोकळीक असावी.

जॉर्जियातल्या रेक्स या गावी २०१२ मध्ये मेल्विनियाचे स्मारक उभे राहिले. त्या दिवशी तिचे काळे वंशज आणि शील्ड्स घराण्याचे गोरे वंशज एकत्र आले होते. १८५२ च्या यादीत जिच्या नावापुढे फक्त किंमत होती, तिच्या नावापुढे आता पाच पिढ्या लिहिता येतात. तिच्या आईचे नाव मात्र अजून कोरेच आहे. वर्गात एखाद्याची वही आजोबांपाशी थांबली, तर ती जागा आपणही कोरी ठेवावी आणि ती का कोरी राहिली, हे त्या मुलाबरोबर बसून शोधावे. वर खालच्या आवाजात उत्तर देणारा तो मुलगा इतिहासाच्या तासाला कच्चा नसतो. कित्येकदा सर्वांत अवघड प्रश्न त्याच्याच वहीत असतो.